आत्या पुढे, स्क्रीन मागे

रविवारी सकाळी आत्या वाचते आणि मी टाइप करतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या तिच्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या रोजनिशा निघाल्या. शाई तपकिरी पडलेली, अक्षर मुंगीएवढं, आणि आत्याखेरीज ते कुणाला नीट लागत नाही. सध्या १९४९ ची वही चालू आहे. त्या वर्षी १ मेला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आजोबांनी त्या तारखेला दुधाचा हिशेब आणि सायकलचं पंक्चर एवढंच लिहिलंय.

वहीतल्या मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. एप्रिल लागला आणि कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. आत्याचं वाक्य संपायचं, माझी बोटं थांबायची, आणि अक्षरं मागाहून एकेक करत उमटत राहायची. ‘‘पती गयुं?’’ ती विचारायची. (बडोद्यात तीन पिढ्या गेल्या की ‘झालं का’चं असं होतं.) मी म्हणायचो, थांब, अजून दिसलं नाही. शेवटी ती वैतागली. ‘‘अरे, लिहायला वेळ लागतोय की दिसायला?’’

आत्याचा प्रोग्रामिंगशी काडीचा संबंध नाही, पण प्रश्न नेमका होता. मी त्याआधी दोन रविवार लॅपटॉपच्या नावाने खडे फोडत होतो.

सेव-उसळीच्या गाडीवर गर्दीच्या वेळी काय होतं ते आठवा. एकजण ऑर्डर घेतो, दुसरा उसळ, तरी, शेव, कांदा घालून प्लेट लावतो, तिसरा ती आपल्यापुढे आणून ठेवतो. प्लेट उशिरा आली की आपण ओरडतो ते गल्ल्यावरच्या माणसावर. त्याचा बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

टेक्स्ट एडिटर म्हणजे नुसता मजकूर टाइप करायचा प्रोग्राम, मी वापरतो तो ईमॅक्स. त्याचंही असंच. बटण दाबलं की पहिलं काम म्हणजे ते अक्षर मजकुरात घालणं. हे काम आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे. ईमॅक्ससारखा एडिटर मजकुराच्या मधोमध, म्हणजे कर्सर असेल तिथे, मुद्दाम रिकामी जागा राखून ठेवतो. नवं अक्षर त्या जागेत जाऊन बसतं, पुढची लाखभर अक्षरं सरकवावी लागत नाहीत. मिलिसेकंदाचा बारीकसा अंश लागतो. दुसरं काम मांडणीचं: कुठलं अक्षर कुठल्या रंगात, किती रुंदीचं, ओळ कुठे वळणार, त्यामुळे खालचं सगळं किती सरकणार. तिसरं काम म्हणजे ठरलेली मांडणी प्रत्यक्ष स्क्रीनवर रंगवणं. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. मांडणी आणि रंगवणं तेवढ्यात उरकलं तर अक्षर बोटाबरोबर उमटल्यासारखं वाटतं. एखाद्या वेळी दुप्पट-तिप्पट वेळ लागला तर फार कुणाला कळत नाही. पण प्रत्येक बटणाला पाव सेकंद लागला तर रांग लागते, आणि मग मुंग्यांसारखी अक्षरं मागून येतात.

तेव्हा आत्याच्या प्रश्नाचं उत्तर असं की लिहायला जवळजवळ कधीच वेळ लागत नाही. लागतो तो दिसायला.

हे दुखणं फार जुनं आहे. विम नावाच्या एडिटरचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला, तो ३०० बॉडच्या मोडेमवरून, म्हणजे कॉम्प्युटर लांब आणि स्क्रीन फोनच्या तारेने त्याला जोडलेला. त्या वेगाने सेकंदाला साधारण ३० अक्षरं येतात. २४ ओळी गुणिले ८० अक्षरांचा स्क्रीन पूर्ण भरायचा तर एक मिनिट आणि वर चार सेकंद. त्यामुळे व्हीआयची सगळी अक्कल एकाच गोष्टीत एकवटलेली होती: जेवढं बदललं तेवढंच पाठवायचं. साध्या टर्मिनलवर एखादी ओळ पुसली तर तो खालच्या ओळी वर सरकवायच्या फंदातच पडत नसे, पुसलेल्या ओळीच्या जागी नुसतं ‘ॲट’चं चिन्ह ठेवून द्यायचा. आपल्याकडच्या रांगोळ्या आठवा. दारातल्या मोठ्या रांगोळीवर कुणाचा पाय पडला तर घरातली जाणती बाई अख्खी रांगोळी झाडून काढत नाही, बिघडलेला ठिपका हलक्या हाताने उचलते आणि तेवढाच भरते. मात्र नेमकं काय बिघडलं हे शोधणं हेच कधीकधी नव्याने काढण्यापेक्षा महाग पडतं. जेम्स गॉसलिंग (पुढे जावा भाषा काढली ते) यांनी १९८१ च्या सुमारास आपल्या ईमॅक्ससाठी स्क्रीन कमीत कमी बदलण्याची युक्ती लिहिली, ती इतकी गुंतागुंतीची होती की प्रोग्रामच्या त्या भागावर त्यांनी कवटी आणि हाडांचं चित्रच काढून ठेवलं होतं. विजेच्या डीपीवर असतं तसं.

आज ३०० बॉड नाहीत, पण तत्त्व तेच आहे. स्क्रीन मंदावला म्हणजे एडिटर काहीतरी गरजेपेक्षा जास्त वेळा, किंवा गरजेपेक्षा जास्त लांबपर्यंत, नव्याने मोजतोय.

ते काय हे शोधायचं कसं? बहुतेक लोक इथेच चुकतात, आणि मीही चुकलो. इंटरनेटवरून ‘वेग वाढवणाऱ्या’ दहा सेटिंग उचलून डकवल्या. त्यांतली एक तर प्रत्येकाच्या फाइलमध्ये दिसते: ईमॅक्स आपली वापरलेली मेमरी झाडून काढतो ती ठरावीक मर्यादा भरल्यावर, मुळात सुमारे ८०० किलोबाइटला, ती मर्यादा शेकडो मेगाबाइट करा, म्हणे. केली. झाडलोट क्वचित व्हायला लागली, पण व्हायची तेव्हा चांगला उचकी लागल्यासारखा थांबायचा. दिवाळीपर्यंत घर न झाडण्यातला प्रकार. ते परत होतं तसं करून टाकलं.

खरं तर पहिली चाचणी फुकटात होती आणि माझ्या डोळ्यांपुढे होती. त्याच फाइलमध्ये वर मार्चच्या पानावर जाऊन टाइप केलं तर अक्षरं पटापट यायची. मेच्या पानावर रडायची. लॅपटॉप तोच, फॉन्ट तोच, प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) त्याच. म्हणजे दोष जागेत होता. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि मी ते ‘फाइल मोठी झालीय’ म्हणून सोडून दिलं. फाइल मोठी असती तर मार्चही रडला असता.

दुसरी चाचणी म्हणजे एडिटर कोऱ्या अवस्थेत उघडणं. ईमॅक्सला मोठा क्यू लावून चालू केला की तो तुमची कुठलीच सेटिंग वाचत नाही. विमला ‘क्लीन’ हा पर्याय आहे. कोऱ्या अवस्थेत तीच फाइल पळाली तर दोषी तुमच्याच सेटिंगमध्ये दडलाय. व्हीएस कोड या एडिटरमध्ये (तिथे प्लगइनला एक्स्टेंशन म्हणतात) तर यासाठी ‘एक्स्टेंशन बायसेक्ट’ नावाची सोय आहे. ती निम्मी एक्स्टेंशनं बंद करते आणि विचारते, अजून त्रास आहे का? उत्तरावरून उरलेल्यांतली पुन्हा निम्मी बंद करते. ३२ एक्स्टेंशनं असली तरी पाच प्रश्नांत चोर सापडतो. माझ्याकडे मात्र कोरा ईमॅक्सही मेच्या पानावर तसाच रडला. प्लगइन निर्दोष सुटल्या.

मग प्रोफायलर. नाव जड आहे, काम सोपं. तो ठरावीक अंतराने एडिटरच्या खोलीत डोकावतो आणि या क्षणी कुठलं काम चाललंय ते टिपून ठेवतो. अर्धा मिनिट डोकावून झालं की कुठल्या कामात किती वेळा सापडला त्याची टक्केवारी देतो. ईमॅक्समध्ये ‘प्रोफायलर-स्टार्ट’, त्यात सीपीयू निवडायचं, मग जिथे रेंगाळतं तिथेच थोडं टाइप करायचं, मग ‘प्रोफायलर-रिपोर्ट’. झाडासारखी यादी येते. अधिकच्या चिन्हावर एन्टर मारलं की फांद्या उघडतात. माझ्या यादीत ‘रीडिस्प्ले-इंटर्नल’ या एकाच नावापुढे नव्वदाच्या वर टक्के होते. म्हणजे नुसतं दाखवण्याचं काम. आत्या बरोबर होती.

आता त्या नावाखालच्या फांद्या महत्त्वाच्या. खाली ‘जिट-लॉक’ किंवा ‘फॉन्ट-लॉक’ अशी नावं निघाली तर वेळ रंग द्यायला जातोय. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा त्रास फार होतो, कारण कुठला शब्द निळा आणि कुठला हिरवा हे ठरवणारे नियम कधीकधी एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा मागे येऊन जुळवणी करत बसतात. विममध्ये ‘सिनटाइम ऑन’ करून थोडं स्क्रोल करा आणि ‘सिनटाइम रिपोर्ट’ मागा, कुठला नियम किती वेळ खातोय त्याचा हिशेब मिळतो. एका खिडकीच्या रंगकामात दोन सेकंदांहून जास्त वेळ गेला तर विम स्वतःच हात टेकतो आणि रंग देणं बंद करतो. फाइल अचानक बेरंगी झाली तर ती बिघडली नाही, विमने जीव वाचवला असं समजावं.

माझ्याकडे रंगांचा प्रश्न नव्हता, रोजनिशीला कसले रंग! फांदीवर एकच ओळखीचं नाव होतं, ‘ऑटो-कम्पोज-कॅर्स’, आणि बाकीचा बराच वेळ थेट रीडिस्प्लेच्या स्वतःच्या खात्यावर होता. ऑटो-कम्पोज म्हणजे जोडाक्षरं जुळवणं. इथे देवनागरीची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी.

इंग्रजी ‘के’ छापायचा तर ‘के’चं चित्र उचललं आणि ठेवलं, झालं. ‘कि’ साठवताना कॉम्प्युटर आधी क ठेवतो आणि मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी आधी यायला हवी. ‘सूर्य’मधला र साठवणीत य च्या आधी असतो आणि दिसताना य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘सुऱ्या’मध्ये तोच र रफार न होता आपला मराठमोळा पापणीसारखा दिसतो. ‘क्ष’ हे दिसायला एक अक्षर, साठवणीत तीन चिन्हं, आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत नऊ बाइट. त्यामुळे प्रत्येक जोडाक्षरासाठी एडिटर हार्फबझ नावाच्या कारागिराकडे जातो: ही चिन्हं घे, हा फॉन्ट घे, चित्रं कुठली आणि कुठे ठेवायची ते सांग. ईमॅक्सने हा कारागीर २७ व्या आवृत्तीपासून घेतला. काम तो सुरेख करतो, पण रोमन अक्षरापेक्षा वेळ जास्त लागणारच.

शंका खरी का ते बघायला ‘ऑटो-कम्पोझिशन-मोड’ बंद करून पाहिला. स्क्रीनवर अक्षरशः चिंध्या झाल्या: वेलांट्या क च्या उजवीकडे, हलंत पाय लोंबकळलेले, आत्याने चष्मा काढून पुन्हा घातला. पण टाइपिंग स्पष्ट हलकं झालं. पूर्ण नाही, निम्मं. म्हणजे देवनागरी साथीदार होती, मुख्य आरोपी दुसराच होता. मार्चमध्येही देवनागरीच होती ना.

तो सापडला स्क्रीनच्या तळाशी. ईमॅक्स खालच्या पट्टीत कर्सर कितव्या ओळीवर आहे ते दाखवतो: एल आणि पुढे आकडा. मेच्या पानावर तिथे एल आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं होती. आजूबाजूच्या ओळींची सरासरी लांबी २०० अक्षरांच्या पुढे गेली की ओळी मोजणं परवडत नाही म्हणून ईमॅक्स तसा हात झटकू शकतो. तीन रविवार ती प्रश्नचिन्हं माझ्याकडे बघत होती.

झालं होतं असं. एप्रिल ते ऑगस्ट चुलतभावाने फोनवर टाइप करून पाठवलं होतं, आम्ही त्यातली गाळलेली पानं भरत होतो. मेलमधून येताना त्याच्या ओळी नको तिथे तुटल्या होत्या, म्हणून मी एका फटक्यात सगळी एन्टर काढून टाकली होती. सगळी. तारखांमधलीसुद्धा. एडिटर लांब ओळ खिडकीच्या कडेला आपोआप वळवून दाखवतो, त्यामुळे डोळ्यांना परिच्छेदच दिसत होते. प्रत्यक्षात पाच महिने एका ओळीत होते. लाखाच्या वर अक्षरं, एक ओळ.

लांब ओळ इतकी का छळते? नऊवारीच्या निऱ्या घाला. शेवटची निरी कापडाच्या नेमक्या कुठल्या इंचावर पडेल हे आधीच्या सगळ्या घातल्याशिवाय सांगता येत नाही. स्क्रीनवर ओळ कुठे वळते हे तिच्या सुरुवातीपासूनच्या प्रत्येक अक्षराच्या रुंदीवर ठरतं. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असती तर भागाकार करून भागलं असतं, पण देवनागरीत रुंदी जोडाक्षर जुळवल्यावरच कळते. म्हणून मे महिन्यात एक काना टाइप केला की एडिटर १ एप्रिलपासून निऱ्या घालायला बसायचा. कर्सर एक ओळ वर न्यायचा तरी तेच, कारण मागे जायला रस्ताच नाही. सुरुवातीला जाऊन पुन्हा पुढे मोजत यायचं.

इलाज दोन मिनिटांचा निघाला. ‘आकडा, मग महिन्याचं नाव’ असं जिथे दिसेल तिथे आधी दोन एन्टर घाल, असं शोध-बदलाला सांगितलं. काही ठिकाणी ‘५ मे रोजी येतो म्हणाला’ अशी वाक्यं मधेच तुटली, ती हाताने जोडली. प्रश्नचिन्हं गेली, आकडा आला, अक्षरं बोटाखाली आली.

ओळी तोडता येतच नसतील तर (प्रोग्राममधून निघालेल्या डेटा फाइली अशा असतात) एडिटरकडे सोयी आहेत. ईमॅक्स २७ मध्ये ‘सो-लाँग’ आहे, पण तो आपणहून चालू करावा लागतो. अवाढव्य ओळ दिसली की तो जड सोयी बंद करतो. जुलै २०२३ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीत मुळातच दुरुस्ती झाली: १०,००० अक्षरांहून मोठी ओळ असेल तर तो खिडकीच्या आसपासचाच तुकडा बघतो, थोडी अचूकता सोडून. माझ्या लॅपटॉपवरच्या उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेला ईमॅक्स २७.१ होता. विम मुळात ३,००० व्या रकान्यानंतर रंग देत नाही, आणि व्हीएस कोड १०,००० अक्षरांपुढची ओळ दाखवायचंच थांबतो.

ओळींच्या आकड्यांचंही थोडं बघा. ईमॅक्समध्ये अजून जुना ‘लिनम’ वापरत असाल तर सोडा, २०१८ च्या २६ व्या आवृत्तीपासून आकडे दाखवायची अंगभूत सोय आहे आणि ती कितीतरी हलकी आहे. विममध्ये कर्सरपासूनचं अंतर दाखवणारे सापेक्ष आकडे असतील तर कर्सर एक ओळ वर-खाली हलला तरी समासातले सगळे आकडे बदलावे लागतात.

कधीकधी एडिटरचा काहीच दोष नसतो. अलकापुरीत ऑफिस असलेला माझा एक मित्र अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम करतो आणि विमला शिव्या देतो. त्याला मी म्हटलं, विम बंद कर आणि नुसत्या कमांडच्या ओळीवर टाइप करून बघ. तिथेही अक्षर उशिरा. न्यूयॉर्क इथून १२,००० किलोमीटरांच्या पुढे आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद तर निसर्गानेच घेतले. तिथे विमची कुठली सेटिंग काय करणार? त्याला मॉश नावाचं साधन दिलं. ते तुमचं अक्षर इकडेच अंदाजाने दाखवून टाकतं आणि सर्व्हरचं उत्तर आलं की पक्कं करतं.

आमच्याकडे एक छोटी कुरकुर तेवढी उरली होती. ऑगस्टनंतर पुन्हा स्क्रोल करताना अडकायला लागलं, या वेळी ओळी आखूड असूनही. प्रोफायलर न लावताच कळलं, कारण पान लालेलाल दिसत होतं. मी हौसेने शुद्धलेखन तपासणी चालू केली होती. आजोबांचं लेखन १९६२ च्या नियमांच्या आधीचं: कांहीं, नांव, केलें, मुलें. तपासणीला त्यातलं निम्मं चूक वाटतं, आणि प्रत्येक लाल रेघ ही एडिटरला स्वतंत्र लक्षात ठेवावी लागणारी वस्तू. ईमॅक्स २९ च्या आधी अशा हजारो वस्तू एका साध्या साखळीत ओवलेल्या असायच्या, हवी ती शोधायला साखळीभर चालत जायचं. २९ मध्ये त्या जागी झाडासारखी रचना आली. मी आवृत्ती बदलली आणि तपासणीही बंद केली.

अनुस्वार मात्र गाळायचे नाहीत असं आत्याने बजावलंय. माझ्याकडून सुटू नयेत म्हणून आता ती ‘कांहीं’ वाचताना दोन्ही वेळा नाकातून वाचते.